रस्ता सात किलोमीटरनं आखूड झाला

आमच्या आणि शेजारच्या वाडीमध्ये कुंपण आहे ते नावालाच. निम्मं जास्वंदीचं, निम्मं गंजलेल्या तारेचं, आणि मधे एका जागी आडवा बांबू. तीस वर्षं दोन्ही बाजूंनी कोपरं टेकून तो बांबू असा गुळगुळीत झालाय की पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळसुद्धा धरत नाही. वसईतल्या निर्मळच्या अलीकडे आमची गल्ली. गल्लीतली निम्मी लग्नं आणि सगळी भांडणं आधी या बांबूवर ठरतात.

शेजारच्या वहिनींचा आवाज मुळात मोठा. विहिरीवरचा पंप चालू असला तरी त्यांचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतं. त्या सकाळी मात्र त्या बांबूपाशी आल्या आणि कुजबुजल्या. तेव्हाच मी ओळखलं, मामला माहेरचा आहे.

"ताई, डिझेल जातंय."

"कुठं जातंय?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे आले असते का?"

डिझेल म्हणजे त्यांच्या पिकअपचं. बोलेरो पिकअप, पांढरी, मागच्या फाळक्यावर नातवाचं नाव. रात्री तीनच्या सुमाराला ती गल्लीतून निघते. आमच्या आणि आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांचा सोनचाफा, जास्वंदीच्या कळ्या, केळीच्या पानांचे भारे, अळू, मुळा, जे असेल ते भरायचं, वसई फाट्याला हायवे धरायचा, वर्सोव्याचा नवा पूल ओलांडायचा आणि उजाडायच्या आत दादरचा फूलबाजार गाठायचा. पूर्वी हेच सगळं टोपल्यांतून पहिल्या लोकलनं जायचं, अजूनही कितीकांचं जातं. पण दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, गाडी घेतली आणि गल्लीच्या बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला. दादांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून गाडी चालवतो तो वहिनींचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा. आता कळलं ना कुजबूज का?

"ह्यांची वही आहे ना, तिच्यात ॲव्हरेज साडेबाराच्या आसपास असायचं. आता सव्वाअकरा. रोज जवळजवळ लिटरभर डिझेल गायब. महिन्याच्या पंचवीस फेऱ्या धरल्या तर दोन हजारांवर रुपये! हे काही बोलत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात. त्या बघण्यात माझं अख्खं माहेर येतं हो, ताई."

गल्लीत बातमी आधीच पोचली होती, असं दिसलं. कारण दूध घालणारा म्हणाला, पंपावर माप मारतात. पलीकडच्या वाडीतले मामा म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ असणार. कोणीतरी नायट्रोजनची हवा भरायचा सल्ला दिला. आणि एका घरातून, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर, ते वाक्य आलंच: पोराच्या हातात आता नवा मोबाइल दिसतो म्हणे.

मी तीस वर्षं पतपेढीत हिशेब केला. माणसांवर संशय घ्यायच्या आधी वहीवर घ्यायचा, एवढं एकच त्या नोकरीत शिकले. म्हटलं, "वही आणा."

वही आली. दादांचं अक्षर मोत्यासारखं आणि हिशेबाची पद्धत मला आवडावी अशी. दर फेरीनंतर त्याच पंपावर टाकी पुन्हा गच्च भरायची, जितकं डिझेल मावलं तितकं त्या फेरीत जळलं. बाजूला मीटरचे किलोमीटर. टाकी ते टाकी. ॲव्हरेज काढायची खरी रीत हीच. काटा पाहून अर्धी टाकी, पाव टाकी म्हणणाऱ्यांचं ॲव्हरेज हे पत्रिकेतल्या गुणांसारखं असतं, जुळवाल तसं जुळतं.

मी बोटानं ओळी खाली नेत गेले. मे महिना: १२२ किलोमीटर, ९.८ लिटर. १२२, ९.८. १२३, ९.९. मग जूनमध्ये वटपौर्णिमेच्या आठवड्यानंतर: ११५ किलोमीटर, १०.२ लिटर. ११५, १०.२. ११६, १०.३.

"वहिनी, दादर जवळ आलं का?"

"म्हणजे?"

"मेमध्ये दादरला जाऊन यायला १२२ किलोमीटर लागायचे. जूनपासून ११५ लागतात. सगळे डिझेल बघताय. हे सात किलोमीटर कोणी चोरले?"

वहिनींनी वही उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूनं किलोमीटर गळून पडले असावेत.

एवढ्यात मामा फुलांची परडी घेऊन आले. आमच्या बांबूला चौथं कोपर टेकलं की चर्चा सभेत बदलते. मामा म्हणाले, "सोपं आहे. पोरगा रोरोनं जातो. किल्ल्याच्या जेटीवरून गाडी बोटीत घातली की भाईंदर. अंतर कमी झालं की नाही?"

ऐकायला बरं वाटलं, पण टिकणारं नव्हतं. वसई-भाईंदर रोरो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली तेव्हा आम्हीही हौसेनं जाऊन आलो होतो. रस्त्यानं अडतीसेक किलोमीटरचा वळसा पडतो, तो खाडीतून काही मिनिटांत संपतो आणि त्या वेळात गाडीचं चाक अजिबात फिरत नाही. तसं असतं तर मीटर सात नाही, चांगलं तीस-पस्तीसनं खाली आलं असतं. शिवाय पहाटे तीनला जेटीवर बोट कुठली आणि तिकीटवाला कुठला?

मी वहीत परत शिरले. ११५ ची पहिली नोंद ज्या तारखेची, तिच्या आदल्या दिवशी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'टायर ४'. पुढं रक्कम. रक्कम इतकी होती की दादांनी तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"टायर बदलले?"

"मग काय करणार? जुने पार गोटा झाले होते. पावसात गाडी वाडीतल्या चिखलात नुसती फिरायची. नवे चांगले रुंद घेतले. दुकानदार म्हणाला, हे घाला, गाडी रस्त्याला धरून राहील. दिसतेही कशी भारदस्त!"

भारदस्त दिसत होती खरी. मी कुंपणाला वळसा घालून गेले (एरवी वर्षातून दोनदाच जाते, गणपतीला आणि आमची मांजर तिकडे व्याली की). चष्मा लावून टायरवरचे आकडे वाचले. २३५/७५ आर १५. मग खाली वाकून मागे लटकवलेली स्टेपनी पाहिली. जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला ठेवला होता. त्यावर लिहिलेलं: २१५/७५ आर १५.

हे आकडे दिसतात तितके अगम्य नाहीत. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरची उंची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. मेख पंचाहत्तरमध्ये आहे. रुंदी वाढवली तर ते पंचाहत्तर टक्केही मोठ्या रुंदीचे होतात, म्हणून टायर नुसता जाड होत नाही, उंचही होतो. दुकानात हे कोणी सांगत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही, आपण पोळपाट घेताना व्यास विचारतो का?

"भाच्याला उठवा," मी म्हटलं. पोरगं दादरहून येऊन नुकतं लवंडलं होतं. डोळे चोळत आलं. सगळी गल्ली आपल्याकडे का बघतेय हे त्याला बहुतेक ठाऊक होतं, कारण कोणाकडेच न बघता त्यानं विचारलं, "आत्या, काय करायचंय?"

"स्टेपनी काढ."

मग जे झालं त्याला गल्लीतली पोरं अजून 'आत्याची सर्कस' म्हणतात. जुन्या टायरवर खडूनं एक खूण केली, खाली सिमेंटवर दुसरी. टायर सरळ ढकलत नेला, खूण पुन्हा जमिनीला टेकली तिथं तिसरी रेघ. अंतर मोजायला माझी शिवणकामाची टेप, दीडच मीटरची, म्हणून दोन तुकड्यांत. दोन मीटर सतरा सेंटिमीटर. मग गाडीच्या मागच्या चाकाला तशीच खूण, भाच्यानं हँडब्रेक सोडला, तीन पोरांनी मागून ढकललं. नवं चाक एक फेरा फिरलं: दोन मीटर तीस.

दादा आतापर्यंत ओट्यावर पेपरमागे होते. पेपर खाली आला.

गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही. त्याला रस्ता दिसतच नाही. ते चाकाचे फेरे मोजतं आणि एका फेऱ्याला कंपनीनं ठरवलेलं अंतर धरून गुणतं. या गाडीबरोबर जे २१५ चे कोरे टायर आले, त्यांचा घेर कागदावर दोन मीटर एकवीस सेंटिमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४५२ फेरे. टायर झिजला की घेर आवळतो आणि त्याच किलोमीटरला ४६० च्या वर फेरे होतात. बिचारं मीटर समजतं, गाडी जास्त चालली. आता नव्या उंच टायरला तेच अंतर ४३४ फेऱ्यांत कापता येतं. मीटर समजतं, गाडी कमी चालली. गाडी तीच, रस्ता तोच. खरं अंतर मोबाइलच्या नकाशावर लावून पाहिलं तर जाऊन-येऊन १२०. जुनी गोटा चाकं १२२ सांगत होती, नवी ११५ सांगताहेत. दोन्ही खोटारडी, जुनी फुगवून सांगणारी, नवी झाकून.

आता खरा हिशेब करा. मेमध्ये १२० किलोमीटरला ९.८ लिटर, म्हणजे सव्वाबाराच्या किंचित खाली. आता १२० ला १०.२, म्हणजे पावणेबारा. दादांच्या वहीत ॲव्हरेज नऊ टक्क्यांहून जास्त पडलं होतं, प्रत्यक्षात पडलं चार टक्के. बाकी सगळी मीटरची करामत.

"म्हणजे डिझेल चोरीला जातच नव्हतं?" वहिनींचा आवाज मूळ पट्टीत आला. पंप चालू होता, तरी मामांनी कान झाकला.

"चारशे मिली जातंय. चोरीला नाही, जळतंय."

"ते का?"

हे समजावणं मला अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. शेवटी वहिनींच्याच हातात उकड दिसली, सकाळच्या भाकरीची. म्हटलं, "ही उकड मळताना हात का दुखतो? तुम्ही दाबता, ती दबते. हात काढला की तुमचा जोर ती परत देत नाही. रबर जरा बरं, बराचसा जोर परत देतं, पण सगळा नाही. टायर रस्त्यावर टेकतो तिथं दर फेऱ्याला दबतो, सुटतो, दबतो, सुटतो. इंजिन रात्रभर हे मळण मळत असतं. जो जोर परत येत नाही त्याची ऊब होते. गाडी आली की टायरला हात लावून बघा, कोमट लागतो. ती ऊब म्हणजे तुमचं डिझेल."

नवा टायर म्हणजे जाड नक्षी, जास्त रबर, जास्त मळण. झिजलेला टायर पातळ, म्हणून हलका फिरतो. यात गंमत अशी की टायर सगळ्यात कमी डिझेल मागतो तो फेकून द्यायच्या आदल्या महिन्यात. म्हणूनच नवे टायर टाकले की जगात कुठंही माणसं ॲव्हरेज पडल्याची तक्रार करतात, आणि त्या तक्रारीत मीटरचाही वाटा असतो. त्यात दादांनी साइजही वाढवला. मोठं चाक जड, आणि ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. भाचा लगेच म्हणाला, "तरीच! भरलेली गाडी वाडीतून काढताना पहिल्या गिअरला ओढतच नाही. क्लच धरून ठेवावा लागतो." वर वेगाचा काटाही त्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणजे काट्यावर पूर्वीइतकाच साठ असला तरी गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळत असते, आणि वारा कापायला डिझेल लागतं ते वेगळंच.

"आणि हवा?" मामांनी विचारलं. माणूस बोलतो भरमसाट, पण हा प्रश्न नेमका होता.

हवा कमीच निघाली. दुकानदारानं चारी टायरांत सरसकट एकच हवा भरून दिली होती. दाराच्या आतल्या चिठ्ठीवर पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा, भरलेल्याचा वेगळा. ती चिठ्ठी गाडी आल्यापासून कोणी वाचली नव्हती, तिच्यावर गणपतीचं स्टिकर होतं. अमेरिकेच्या सरकारी खात्याचा एक ढोबळ ठोकताळा आहे, चारी टायरांत एकेक पीएसआय हवा कमी झाली की इंधनाला ०.२ टक्क्याचा फटका. एक म्हणजे काहीच नाही. पण सात-आठनं कमी असेल तर दीड टक्का तिथंच गेला. नायट्रोजनवाल्यांना सांगा, साधी हवासुद्धा तीन-चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजनच असते. आधी ती पुरेशी भरा.

दादा ओट्यावरून उतरले. काठी टेकत आले, टायरला काठीनं टोचलं. "मग जुनेच ठेवायला हवे होते?"

यावर भाचा पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "काका, जुने ॲव्हरेज देत होते, ब्रेक देत नव्हते. नायगावच्या पुढं पाणी साचतं तिथं दोनदा गाडी सरकलीय माझी. तुम्हाला सांगितलं नाही."

कोणी काही बोललं नाही. १.६ मिलिमीटर नक्षी उरली की टायर बाद, असा नियम आहे, खाचांमधे बारीक उंचवटे असतात ते त्यासाठीच. जुन्या टायरवर ते उंचवटे आणि नक्षी एका पातळीत आले होते. मी स्टेपनीवर बोट फिरवून पाहिलं, माझ्या भाकरीच्या तव्याइतकी गुळगुळीत. ती बदलून टाका म्हटलं ते दादांनी ऐकल्यासारखं केलं नाही. बघू.

नवे घ्यायचेच होते, फक्त २१५ चेच घ्यायचे होते. आणि घेताना एक विचारायचं होतं. आपल्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरपासून नव्या धाटणीच्या टायरांना आणि २०२३ पासून आधीच्याही टायरांना तीन परीक्षा सक्तीच्या झाल्यात: फिरताना किती जोर खातो, ओल्या रस्त्यावर किती धरतो, आवाज किती करतो. पहिल्या दोन एकमेकींच्या सवती. रबर जितकं कमी मळलं जाईल तितकं डिझेल वाचतं, पण ओल्या रस्त्याला चिकटायला तेच मळलं जाणं कामी येतं. दोन्ही साधणारं रबर बनवणं हीच टायर कंपन्यांची खरी विद्या. आपल्या दुकानात मात्र अजून प्रश्न दोनच असतात, किती हजार चालेल आणि किती कमी करणार.

"पण सरळ विचारायचं ना मला," भाचा म्हणाला. वहिनींकडे बघून नाही, टायरकडे बघून. "२०२४ ला हायवेवर काँक्रीटचा थर टाकायचं काम चाललं होतं, वर्सोवा पुलाला तास तास गाडी उभी. तेव्हा ॲव्हरेज दहावर आलं होतं. तेव्हा कोणी मला चोर नाही म्हटलं."

"कोण चोर म्हणालं?" वहिनी कडाडल्या. "कोणी म्हणू दे फक्त!" आणि एवढी गरम उकड तशीच टाकून त्याला चहा करायला आत गेल्या. मामांनी परडीतली फुलं फार काळजीपूर्वक मोजायला घेतली. मोबाइलचा विषय निघाला नाही. तो मोबाइल, नंतर कळलं, सेकंडहँड होता आणि त्याच्या काचेला तडा.

महिन्याला दहा लिटर डिझेल, नव्वदीच्या भावानं नऊशे रुपये. एवढा खरा तोटा. दादांनी तो वहीत लिहिला, खाली एकच रेघ मारली.

इथं सगळं संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी वहिनी बांबूपाशी पुन्हा आल्या आणि पुन्हा कुजबुजत.

"ताई, रविवारी गाडी भाड्यानं जाते ना. नालासोपाऱ्यात घरं बदलणारे खूप. किलोमीटरवर भाडं घेतात हे. मग आता मीटर कमी दाखवतं म्हणजे आमचं नुकसान?"

"शंभराला चार किलोमीटर."

"आणि जुने टायर होते तेव्हा?"

मी काही बोलले नाही. वहिनींनी बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे बघितलं, मग आमच्या घराकडे. गेल्या दिवाळीत माझ्या लेकीचं कपाट आणि पलंग याच गाडीतून कल्याणला गेलं होतं. साठ किलोमीटरचं भाडं मी मोजून दिलं होतं, सुटे नव्हते म्हणून वर दहा रुपये सोडले होते.

"साठाला किलोमीटरभर जास्त झालं असेल," मी म्हटलं. "पंचवीसेक रुपये."

वहिनी आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात अळूची जुडी, देठ लालसर, पानावर दव. कुंपणावरून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हे कुंपणाच्या अलीकडेच ठेवा हं."